जांभळ्या फुलाचं आडनाव

1800 साली पॅरिसमध्ये छापलेल्या एका पुस्तकात अमेरिकेतून आलेल्या एका जांभळ्या रानफुलाला ‘डालेआ पुरपुरिया’ हे नाव मिळालं. तीनच वर्षांत त्याच शहरात दुसरं पुस्तक निघालं आणि नाव बदललं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते आणखी एकदा बदललं, मग मागे फिरलं. 1977 साली न्यूयॉर्कमध्ये एक जाडजूड ग्रंथ निघाला आणि हळूहळू सगळे परत 1800 च्या नावापाशी येऊन थांबले. या 177 वर्षांत फुलात काहीच बदललं नव्हतं. ज्या माळावर ते उगवतं, तो माळ मात्र जवळजवळ संपला होता.

इंग्रजीत या फुलाला पर्पल प्रेअरी क्लोव्हर म्हणतात. कॅनडाच्या दक्षिण भागापासून टेक्सासपर्यंत, अमेरिकेच्या मधोमध पसरलेल्या गवताळ माळांवर, म्हणजे प्रेअरीवर, ते उन्हाळ्यात फुलतं. त्याचं पांढरं भावंड आहे, केसाळ भावंड आहे, चुनखडीच्या खडकावर वाढणारी दोन दुर्मीळ भावंडं आहेत. ही भावंडं एकमेकांपासून ओळखायची कशी, आणि ती सगळी नेमक्या कोणत्या घरातली, या दोन प्रश्नांवर वनस्पतिशास्त्रज्ञांनी दोन शतकांहून अधिक काळ डोकं खपवलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी स्थिर राहिलं. दुसऱ्याचं सतत फिरत राहिलं. असं का झालं, आणि त्यातल्या कोणत्या उत्तरावर एका रोपाचं जगणं-मरणं अवलंबून होतं, त्याची ही गोष्ट.

आधी ओळख

‘क्लोव्हर’ या शब्दावर जाऊ नका. खरा क्लोव्हर म्हणजे आपल्याकडे जनावरांच्या चाऱ्यासाठी लावतात त्या बरसीमचं घराणं. प्रेअरी क्लोव्हर त्या घराण्यातला नाही. दोघंही तूर-हरभऱ्याच्या मोठ्या शेंगावर्गीय कुळातले, इतकंच नातं. आणि डालेआ हे नाव वाचून बागेतला डेलिया आठवला असेल, तर त्याचाही इथे संबंध नाही. बागेतल्या डेलियाचं नाव अँडर्स डाल या स्वीडिश माणसावरून पडलं. आपल्या फुलाचं नाव सॅम्युएल डेल या इंग्रज माणसावरून. त्याच्याकडे पुढे येऊ.

शास्त्रीय नाव आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखं असतं: आडनाव आधी, नाव मागून. ‘डालेआ’ हे आडनाव, म्हणजे प्रजाती. ‘पुरपुरिया’ हे नाव, म्हणजे जात. एका आडनावाखाली अनेक जाती असतात. डालेआ या आडनावाखाली आज दीडशेहून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या अमेरिका खंडातल्या.

जांभळी डालेआ ओळखणं सोपं. गुडघ्याएवढं ते कमरेएवढं ताठ रोप, टोकाला बोटभर लांबीचं घट्ट कणीस. कणीस खालून फुलायला लागतं. आधी तळाशी जांभळ्या फुलांचं एक वळं दिसतं, मग ते रोज थोडं थोडं वर सरकतं. खालचा भाग उमलून गेलेला, वरचा भाग अजून मिटलेला, मधे जांभळी पट्टी आणि तिच्यातून बाहेर डोकावणारे नारिंगी परागकोश. पान संयुक्त, बहुतेक वेळा पाच पर्णिकांचं, आणि पर्णिका इतक्या अरुंद की सुईची आठवण यावी.

पांढरी डालेआ, म्हणजे डालेआ कँडिडा, बऱ्याचदा त्याच माळावर तिच्या शेजारी असते आणि साधारणपणे थोडी आधी फुलते. रंगावरून फरक कळतो, मग अडचण कुठे? अडचण अशी की कधीतरी जांभळ्या जातीत पांढऱ्या फुलांचं रोप निघतं, आणि कागदावर चिकटवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यात तर रंगाचा भरवसाच नसतो. मग पानांकडे वळावं लागतं. पांढरीच्या पर्णिका जास्त, बहुतेक वेळा सात, आणि चांगल्या रुंद. तेवढ्यानेही भागलं नाही तर भिंगातून फुलाच्या तळाची हिरवी वाटी बघायची. तिला निदलपुंज म्हणतात. जांभळीची वाटी दाट लवेने झाकलेली असते, पांढरीची जवळजवळ गुळगुळीत.

एवढ्यावर थांबता येत नाही, कारण पांढरी फुलं असलेल्या जाती आणखीही आहेत. कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सासकडे डालेआ मल्टिफ्लोरा भेटते. तिचीही फुलं पांढरी, पण कणीस लांब नसून गोटीसारखं गोल, आणि अशा अनेक गोट्या एकाच उंचीवर आलेल्या. डालेआ व्हिलोसा वाळूत वाढते. नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्या हे तिचं घर. सबंध रोपावर रुपेरी मऊ केस, आणि पर्णिका बारा-पंधरा किंवा त्याहून जास्त. टेनेसीत, जिथे चुनखडीच्या सपाट खडकावर मातीचा जेमतेम थर असतो, तिथे डालेआ गॅटिंजरी आहे. फुलं पाहिली तर थेट जांभळीच, पण देठ ताठ उभे न राहता जमिनीलगत पसरलेले. आणि डालेआ फोलिओसा, जिच्या प्रत्येक पानाला वीस ते तीस पर्णिका. तिला इंग्रजीत लीफी म्हणजे पानाळ प्रेअरी क्लोव्हर म्हणतात. तिचं नाव लक्षात ठेवा.

यातलं काहीही ओळखायचं तर एक गोष्ट सारखी करावी लागते: मोजणी. पर्णिका किती, केस कुठे आहेत आणि कुठे नाहीत, कणीस किती लांब. आज आपण फुलाचा वरून एक सुंदर फोटो काढतो आणि अ‍ॅपला विचारतो. वरून काढलेल्या फोटोत कणसाचा रंग येतो, पण पान, देठाची ठेवण आणि फुलाखालची वाटी येत नाही. ज्यावरून फरक ठरतो तेच नेमकं फ्रेमच्या बाहेर राहतं.

बावचीच्या घरात पाहुणा

सॅम्युएल डेल हा इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात ब्रेनट्री गावात औषधं बनवणारा माणूस. जन्म 1659, मृत्यू 1739. थोर निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे जवळच्याच गावात राहायचा आणि दोघांची मैत्री होती. डेलने औषधी द्रव्यांवर ‘फार्माकोलॉजिया’ हा ग्रंथ लिहिला. मार्क केट्सबी व्हर्जिनियात हिंडत असताना तिथली रोपं त्याला पाठवायचा. प्रेअरी मात्र या माणसाने कधी पाहिली नाही. अमेरिकेतल्या एका शेंगावर्गीय प्रजातीला लिनियसने त्याचं नाव दिलं, हा त्या काळचा मान देण्याचा रिवाज.

गंमत अशी की 1753 साली, ज्या ग्रंथापासून वनस्पतींची आजची नावं मोजायला सुरुवात होते त्या ‘स्पीशीज प्लँटारम’मध्ये, लिनियसने स्वतःच हे आडनाव मोडीत काढलं. डालेआची रोपं त्याने ‘सोरालिया’ या प्रजातीत टाकली. त्याच प्रजातीत, त्याच ग्रंथात, एक भारतीय वनस्पती होती: सोरालिया कोरिलिफोलिया. आपण तिला बावची म्हणतो. कोडावरच्या आयुर्वेदिक औषधांत जिचं बी वापरतात तीच.

लिनियसने दोघांना एका घरात का बसवलं असेल, हे बावचीचं पान उन्हात धरलं तर पटतं. पानावर बारीक ठिपके दिसतात. त्या सुगंधी तेलाच्या ग्रंथी. डालेआच्या पानांवरही तसेच ठिपके असतात. एकच ठळक खूण पाहिली की दोन अनोळखी माणसं भावंडं वाटू लागतात, त्यातला हा प्रकार. पुढे कळलं की ठिपके दोन्हीकडे असले तरी फुलांची घडण अगदी वेगळी आहे. आज बावचीचं आडनावही बदललंय आणि डालेआशी तिचं जवळचं नातं कुणी मानत नाही. लिनियसनेही 1758 मध्ये डालेआ हे नाव पुन्हा वापरलं.

पाकळ्या कुठे चिकटल्यात?

आंद्रे मिशो हा फ्रेंच वनस्पतिसंग्राहक 1785 मध्ये अमेरिकेत आला. फ्रान्सच्या राजाने त्याला उपयोगी झाडं शोधायला पाठवलं होतं. पुढे राजाच राहिला नाही, पण मिशो हिंडत राहिला. 1795 मध्ये तो इलिनॉय मुलखात, म्हणजे प्रेअरीच्या उंबऱ्यात पोचला. 1796 मध्ये परतताना त्याचं जहाज हॉलंडच्या किनाऱ्यावर फुटलं, तरी संग्रहाचा मोठा भाग वाचला.

पॅरिसजवळ सेल्स नावाच्या माणसाची दुर्मीळ रोपांची बाग होती. त्या बागेत फुललेल्या नव्या वनस्पतींचं वर्णन करणारं पुस्तक व्हाँतना या शास्त्रज्ञाने काढलं. त्यातच 1800 साली डालेआ पुरपुरिया हे नाव आलं. प्रेअरीचं फूल जगाच्या नोंदवहीत शिरलं ते असं, पॅरिसच्या बागेतून.

मिशोचं स्वतःचं पुस्तक, उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरचा पहिला मोठा ग्रंथ, 1803 मध्ये निघालं. तेव्हा तो हयात नव्हता. 1802 मध्ये मादागास्करमध्ये त्याचा मृत्यू झाला होता. या ग्रंथात जांभळी आणि पांढरी यांना नवं आडनाव मिळालं: पेटॅलोस्टेमम. ग्रीकमध्ये पाकळी आणि पुंकेसर यांची जोडी. पुढे ते पेटॅलोस्टेमॉन असंही लिहिलं जाऊ लागलं.

हे नाव उगीच दिलेलं नव्हतं. वाटाण्याचं फूल डोळ्यांसमोर आणा. मागे एक मोठी पाकळी उभी, ती पताका. दोन बाजूंना दोन पंख. पुढे दोन पाकळ्या जुळून होडीसारखा आकार, तो नौतल. आत दहा पुंकेसर. शाळेत याला पतंगरूप फूल म्हणतात. प्रेअरी क्लोव्हरमध्ये हे सगळं विसकटलेलं दिसतं. पुंकेसर दहा नाहीत, पाचच. ते एका नळीने जोडलेले. एक पाकळी सुटी, आणि उरलेल्या चार पाकळ्या चक्क त्या नळीच्या काठावर, दोन पुंकेसरांच्या मधे एक अशा बसवलेल्या. चारही सारख्याच. पंख कुठला आणि नौतल कुठला, सांगता येत नाही.

लिनियसच्या काळात पुंकेसर मोजणं हाच वर्गीकरणाचा पाया होता. दहा आणि पाच यांत तर निम्म्याचा फरक. तेव्हा या फुलाला वेगळं आडनाव देणं पूर्णपणे समजण्यासारखं होतं. प्रश्न इतकाच होता की मधल्यांचं काय. लवकरच नटॉल या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने मिसूरी नदीच्या प्रदेशातल्या एका जातीला ‘एनिअँड्रा’ असं नाव दिलं. अर्थ: नऊ पुंकेसरवाली. दहाही नाहीत, पाचही नाहीत. तिला डालेआतच ठेवलं गेलं, पण दहा आणि पाच यांच्यामध्ये भिंत आहे की उतार, ही शंका तिथेच रुजली होती.

नोंदवहीच्या बाहेर

युरोपात नावं ठरत असताना ही फुलं ज्यांच्या अंगणात होती त्यांची त्यांच्याशी जुनी ओळख होती. लुईस आणि क्लार्क यांची मोहीम 1804 मध्ये मिसूरी नदीने वर निघाली. या मोहिमेत जमा झालेले जांभळ्या आणि पांढऱ्या प्रेअरी क्लोव्हरचे नमुने फिलाडेल्फियाच्या संग्रहात आहेत. पण ती नदी, ते माळ पॉनी, ओमाहा, पोंका, डकोटा लोकांचे होते. मेल्विन गिल्मोर या अभ्यासकाने 1919 मध्ये मिसूरी खोऱ्यातल्या लोकांच्या वनस्पतीवापराची नोंद प्रसिद्ध केली. तिच्यात आहे की पॉनी लोक या रोपाच्या चिवट देठांची जुडी बांधून घर झाडायचे, आणि त्यांच्या भाषेतल्या त्याच्या एका नावाचा अर्थच ‘झाडूचं रोप’ असा होता. आपल्याकडे शिंदोळीच्या पानांचा झाडू करणाऱ्याला शिंदीचं लॅटिन नाव माहीत असण्याची गरज पडत नाही. रोप ओळखण्याच्या पद्धती एकापेक्षा जास्त असतात, आणि हाताने ओळखणं ही त्यातली सर्वांत जुनी.

1837 मध्ये इलिनॉयमध्येच जॉन डीअर या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला. प्रेअरीची चिकट, मुळांनी विणलेली माती लोखंडी नांगराला चिकटून बसायची, ती आता सुटू लागली. नांगर जिथे गेला तिथे मका, गहू आणि पुढे सोयाबीन आलं. जिथे गेला नाही तिथे गुरं गेली, आणि प्रेअरी क्लोव्हर गुरांना भलता आवडतो. चराई वाढली की जी रोपं सगळ्यात आधी नाहीशी होतात, त्यांत त्याचा नंबर लागतो. ‘प्रेअरीचं राज्य’ म्हणवणाऱ्या इलिनॉयमध्ये आज चांगल्या अवस्थेतली मूळ प्रेअरी दहा हजारांत एक भाग एवढीच उरली आहे. ती कुठे सापडते? जुन्या दफनभूमींत, रेल्वेमार्गाच्या कडेला, आणि नांगर चालत नाही अशा खडकाळ जागी.

तोडणारे आणि जोडणारे

नावांच्या दुनियेत मात्र वेगळीच धामधूम चालू होती. 1891 मध्ये ओट्टो कुंट्झे या जर्मन माणसाने एकट्याने हजारो वनस्पतींची नावं बदलून टाकली. त्याचा नियम सरळ होता: जे आधी छापलं ते खरं. लामार्कने 1792 मध्ये ‘कुह्निस्टेरा’ हे नाव दिलं होतं, मिशोचं नाव 1803 चं. म्हणून पेटॅलोस्टेमॉन बाद आणि सगळे प्रेअरी क्लोव्हर कुह्निस्टेरा. काही अमेरिकन शास्त्रज्ञांनी ते उचललंही. जांभळीचं नाव कुह्निस्टेरा पुरपुरिया झालं. 1896 मध्ये टेनेसीतली पसरट जात वेगळी म्हणून ओळखली गेली, तिचंही आडनाव तेच पडलं: कुह्निस्टेरा गॅटिंजरी. गॅटिंजर हे जर्मनीतून येऊन टेनेसीत स्थायिक झालेले डॉक्टर. रुग्ण तपासता तपासता त्यांनी त्या राज्याच्या वनस्पतींचा अभ्यास केला.

कुंट्झेच्या सपाट्याने बाकीचे इतके वैतागले की 1905 च्या व्हिएन्ना परिषदेत ‘जुनी नसली तरी जपायची’ अशा नावांची यादीच करण्यात आली. पेटॅलोस्टेमॉन परत वापरात आलं.

मग आला पेर अ‍ॅक्सेल रिडबर्ग. स्वीडनमधून अमेरिकेत आलेल्या या तरुणाला खाण अभियंता व्हायचं होतं. मिशिगनच्या लोखंडाच्या खाणीत पायाला गंभीर दुखापत झाली, तो नेब्रास्कात शिक्षक झाला आणि तिथल्या माळावर वनस्पतींच्या नादी लागला. पुढे न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये असताना, 1920 च्या सुमारास, त्याने हा सगळा गट नव्याने मांडला. रिडबर्ग पक्का तोडणारा. थोडा फरक दिसला की नवी जात, थोडा जास्त दिसला की नवी प्रजाती. डालेआचे तुकडे तुकडे झाले. त्याने केलेल्या अनेक जाती आज कुणी मानत नाही. पण त्याच्या बाजूने एक सांगितलं पाहिजे: तोडणाऱ्याला बारकाईने बघावंच लागतं. जोडायचं काम पुढच्यांना करता आलं, कारण प्रत्येक फरक कुणीतरी आधी कागदावर उतरवला होता.

जोडण्याचं काम रूपर्ट बार्नबी या माणसाने केलं. जन्म 1911 चा, वेल्सच्या सीमेवरच्या मनमथशरमधला, खानदानी इंग्रज घरातला. हॅरोच्या शाळेत त्याची ड्वाइट रिपलीशी गाठ पडली. दोघांनाही फुलांचं वेड, आणि लवकरच एकमेकांचंही. घरच्यांनी बार्नबीला निवड करायला लावली, त्याने रिपलीची केली आणि घर तुटलं. दोघं अमेरिकेत आले आणि 1973 मध्ये रिपली वारला तोपर्यंत एकत्र राहिले. बार्नबी केंब्रिजमध्ये शिकला ते इतिहास आणि भाषा. वनस्पतिशास्त्राचं औपचारिक शिक्षण त्याच्याकडे नव्हतं. लॅटिन मात्र उत्तम होतं आणि चिकाटी अफाट. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये बसून त्याने शेंगावर्गीय वनस्पतींवर जे काम केलं, ते आजही त्या विषयाचा पाया मानतात.

1977 मध्ये त्याचा ‘डालेए इमॅजिनेस’ हा ग्रंथ आला. नावाचा अर्थ ‘डालेआची चित्रं’. जवळपास 900 पानं, आणि जातीजातीची रेखाचित्रं. डालेआ म्हणून कधीही नोंदल्या गेलेल्या प्रत्येक जातीचा त्याने त्यात हिशेब लावला. काही गट त्याने बाहेर काढले. पेटॅलोस्टेमॉन मात्र त्याने परत डालेआत घेतलं. प्रोग्रामिंगच्या भाषेत सांगायचं तर पावणेदोनशे वर्षं वेगळी चाललेली ब्रँच मर्ज झाली.

आधार काय होता? त्याआधी सात वर्षं, 1970 मध्ये, वेम्पल या अभ्यासकाने पेटॅलोस्टेमॉनच्या जाती नीट तपासून काढल्या होत्या. त्यामुळे त्यांच्यातल्या सीमा स्पष्ट होत्या. आता दोन प्रजातींमधली सीमा बघायची होती. ज्या खुणेवरून मिशोने हे घर वेगळं केलं, तीच उलटी लागू पडत होती. पुंकेसरांच्या नळीवर पाकळ्या चिकटलेल्या असणं ही प्रेअरी क्लोव्हरची खासियत नव्हतीच. दहा पुंकेसरांच्या डालेआतही पंख आणि नौतलाच्या पाकळ्या त्या नळीवरूनच निघतात. तिथे त्या जरा खालून निघतात, इथे काठावरून, एवढंच. गुणसूत्रांचा मूळ आकडा दोन्हीकडे सात. बार्नबीने बाहेर ठेवलेल्या सोरोथॅम्नस आणि मारिना या गटांत तो दहा. म्हणजे पाच पुंकेसर हा वेगळ्या घराण्याचा पुरावा नव्हता. एकाच घराण्यात एका शाखेने काही अवयव कमी केले होते, आणि उरलेल्या पाकळ्यांची ठेवण बदलली होती.

2004 मध्ये मॅकमोहन आणि हफर्ड यांनी या सगळ्या गटाच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक जात मारिनात हलवली की बाकी डालेआ ही एकच सलग फांदी ठरते, असं त्यात दिसलं. भिंग आणि पेन्सिल घेऊन काम करणाऱ्या माणसाचा अंदाज जवळजवळ जसाच्या तसा खरा निघाला. बार्नबी 2000 साली वारला होता.

कायदा नाव विचारतो

एवढी उठाठेव कशासाठी, असं कुणी विचारलं तर पानाळ प्रेअरी क्लोव्हर हे उत्तर आहे.

एसा ग्रे या हार्वर्डच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1868 मध्ये तिचं वर्णन केलं. बार्नबीनंतर ती डालेआ फोलिओसा झाली. तिची राहण्याची जागा विचित्र आहे. टेनेसी आणि अलाबामातल्या चुनखडीच्या मोकळ्या जागा, आणि मग शेकडो किलोमीटर उत्तरेला, थेट इलिनॉयमध्ये, डोलोमाइट खडकावरच्या प्रेअरीचे काही तुकडे. मधे काही नाही. शिकागोच्या नैऋत्येला डेस्प्लेन्स नदीच्या काठी विल काउंटीत हे तुकडे आहेत. शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांपासून गाडीने फार लांब नाही. तिथे माती इतकी उथळ की नांगराला काही मिळालं नसतं, म्हणून ती वाचली. पण खडकालाही गिऱ्हाईक असतं. दगडाच्या खाणी, कारखाने आणि रस्ते अशाच जागा शोधत येतात.

अमेरिकेचा संकटग्रस्त जातींचा कायदा 1973 चा. त्यात एक बारीक भेद आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या बाबतीत एखाद्या प्रदेशातल्या वेगळ्या गटालाही संरक्षण देता येतं, मग ती जात इतरत्र भरपूर का असेना. वनस्पतींना ही सवलत नाही. वनस्पतीला यादीत जायचं असेल तर ती स्वतंत्र जात किंवा निदान मान्य उपजात असावी लागते. म्हणजे ‘इथली ही रोपं जरा वेगळी दिसतात’ एवढं पुरत नाही. ती वेगळी आहेत हे कुणीतरी मोजून, लिहून, नाव देऊन ठेवलेलं असावं लागतं.

डालेआ फोलिओसाच्या बाबतीत ते काम झालेलं होतं. पर्णिका मोजलेल्या होत्या. ग्रेने वेगळी ओळखलेली जात वेम्पलच्या आणि बार्नबीच्या तपासणीत टिकली होती. 1991 मध्ये ती संकटग्रस्त म्हणून केंद्रीय यादीत गेली. तोपर्यंत तिचं आडनाव बदललं होतं, पण कायद्याला त्याने फरक पडला नाही. महत्त्वाचं होतं ते मागचं नाव, जे दोन-तीन पिढ्यांच्या तपासणीनंतरही जागेवर होतं.

इथे या गोष्टीतली दोन टोकं जुळतात. आडनावाचा वाद जोडणाऱ्यांनी जिंकला, आणि तो जिंकणं योग्य होतं, कारण ती रोपं खरोखरच एका घरातली आहेत. पण नातं मान्य करणं म्हणजे फरक पुसणं नव्हे. बार्नबीने पेटॅलोस्टेमॉनचं घर डालेआत विलीन केलं, तेव्हा त्यातल्या जाती एकमेकींत मिसळल्या नाहीत. उलट प्रत्येकीची खूण अधिक ठळक करून लिहिली. एका घरात ठेवूनही प्रत्येकाला नावाने हाक मारता येते.

आज प्रेअरी परत उभी करण्याचे प्रयत्न बऱ्याच ठिकाणी चालतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्बोरेटममधली कर्टिस प्रेअरी ही त्यातली सर्वांत जुनी, 1930 च्या दशकापासूनची. जुन्या शेतजमिनीवर रानटी गवतं आणि फुलं परत लावून केलेली. जांभळ्या आणि पांढऱ्या डालेआचं बी आता अमेरिकेत विकतही मिळतं, पेरलं जातं, आणि त्यांची मुळं दीड-दोन मीटर खाली उतरू लागतात. फोलिओसाचं तसं नाही. तिला तिचाच खडक लागतो, उघडं ऊन लागतं, आणि झुडपं वाढून सावली पडली तर ती मागे हटते. त्यामुळे तिच्या जागी झुडपं तोडावी लागतात, कधी ठरवून आग लावून माळ मोकळा करावा लागतो. आणि रोपं मोजावी लागतात.

लॉकपोर्ट प्रेअरीत जुलैच्या शेवटी ती फुलायला लागते, तेव्हा हे मोजणं नेमकं काय असतं, ते आता तुम्हाला सांगता येईल. कणीस जांभळं आहे, म्हणून ती फोलिओसाच असेल असं नाही. वाकायचं, एक पान धरायचं आणि पर्णिका मोजायच्या. पाच भरल्या तर पुरपुरिया. वीसच्या पुढे गेल्या तर वहीत एक रेघ.